गिरणीच्या चुंबकावरचे भोवरे

खंडेनवमीला आमच्याकडे कुणी हत्याराला हात लावत नाही. लेथ असो, करवत असो, शिलाईचं मशीन असो, सगळं पुसूनपासून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून निवांत ठेवायचं. आणि नेमक्या त्याच दिवशी मी आणि माझे सर सांगलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं कुलूप काढून कामाला बसायचो. आमच्या शिपायाला ते अजिबात पटायचं नाही. पण सरांचं कारण अगदी व्यवहारी होतं. कॉलेजच्या मागच्या अंगाला लोखंडकामाच्या शेडी होत्या. एरवी तिथं वेल्डिंगची एक ठिणगी उडाली की आमच्या मायक्रोव्होल्टमीटरचा काटा अंगात आल्यासारखा घुमायचा. व्होल्टचा दहा लाखावा भाग मोजायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? वर्षातून हाच एक दिवस असा, की सगळ्या शेडी बंद, लाइन स्वच्छ आणि काटा शहाण्या मुलासारखा शून्यावर. सर गणपतीतच पंचांग काढून ही तारीख बघून ठेवायचे. मीटरची पूजा आम्ही दसऱ्याला करायचो, एक दिवस उशिरा.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि शनिवारी एसटी धरून सांगलीला पीएच.डी.चं काम करायला यायचे. माझा विषय होता ‘उच्च तापमानाच्या थरदार अतिसंवाहकांमधील चुंबकी भोवऱ्यांची हालचाल’. हे नाव सांगितलं की समोरचा माणूस घाईनं दुसरं काहीतरी विचारायचा. यातलं उच्च तापमान म्हणजे शून्याच्याही खाली जवळजवळ दोनशे अंश. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तुमच्याकडं थंडी कशाला म्हणतात गं? 

पण मला त्या विषयानं झपाटलं होतं. आजही कुणी विचारलं तर मी हातातलं काम टाकून सांगत बसते. अतिसंवाहक म्हणजे असा पदार्थ, की तो पुरेसा थंड केला की त्यातून वीज जाते आणि एवढासाही विरोध होत नाही. त्याला चुंबकाचं वावडं असतं, चुंबकाचा प्रभाव तो अंगात शिरू देत नाही. मात्र आमचा काळा, ठिसूळ, चिनीमातीच्या जातीचा अतिसंवाहक तेवढा कडक नव्हता. तो चुंबकाला आत घ्यायचा, पण बारीक बारीक धाग्यांच्या रूपात, आणि प्रत्येक धाग्याभोवती विजेचा प्रवाह गोल गोल फिरत राहायचा. तेच माझे भोवरे. ते जागच्या जागी राहिले तर ठीक. पण आडवी वीज सोडली की ती त्यांना ढकलते, ते सरकायला लागतात, आणि त्या सरकण्यात शक्ती खर्च होते. मग जिथं शून्य व्होल्ट दिसायला हवेत तिथं थोडे दिसू लागतात. त्यातून हा पदार्थ थराथरांचा. त्यामुळे भोवरा हा एक सलग धागासुद्धा नसतो, प्रत्येक थरात त्याची वेगळी चकती असते. भाकरीच्या चळतीला धक्का लागला की वरची एकीकडं आणि खालची दुसरीकडं जाते, तशा त्या चकत्या इकडंतिकडं होतात. हे सगळं डोळ्याला न दिसणारं, आणि तरी काट्यावर उमटणारं. मला रात्री झोप लागायची नाही, इतकी मी त्या चकत्यांच्या प्रेमात होते.

स्फटिक मी साताऱ्यात वाढवायचे. आमच्या कॉलेजात एक जुनी भट्टी होती. तीत पूड वितळवायची आणि दिवसचे दिवस इतकं हळू थंड करायचं की मध्ये वीज गेली तर सगळं मुसळ केरात. वीज जायचीच. वर्षभर मी भट्टीतून काळे दगड काढले आणि रडकुंडीला आले. मग एकदा मुशीच्या तळाशी अभ्रकासारखे चकचकीत काळे पापुद्रे सापडले. चिकटपट्टी लावून ओढलं की आरशासारखा नवा थर वर यायचा. मी ते इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कापसावर ठेवले आणि सांगलीपर्यंत बाटली मुठीत धरून बसले. कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढं केला तरी मूठ उघडायला जिवावर आलं होतं.

सरांचा मात्र माझ्या भोवऱ्यांवर विश्वास नव्हता. सर फार नेक माणूस, पण एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही. त्यांनी उभा जन्म पातळ फिल्म, म्हणजे काचेवर चढवलेले पदार्थाचे पातळ थर, बनवण्यात घालवला होता आणि वाईट जोड किती फसवतात हे त्यांनी पुरेपूर भोगलं होतं. स्फटिकाला बारीक तारा जोडायला आम्ही चांदीचा लेप लावायचो. कधीमधी मिळणाऱ्या वाटीभर द्रवरूप नत्रात स्फटिक गार करून मी लाउडस्पीकरमधलं चुंबक जवळ नेलं की काटा किंचित हलायचा, आणि मी आनंदानं उडी मारायची तेवढी बाकी राहायची. सर चष्मा पुसत म्हणायचे, ‘तुझे भोवरे स्फटिकात नाहीत, चांदीच्या लेपात आहेत.’

यावर मी काय बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी तापट आहे आणि तेव्हा आणखीच होते. शेवटी सरांनी एक दिवस शांतपणे निकाल लावला. या खंडेनवमीला मोठ्या चुंबकानं, स्वच्छ लाइनवर, शंकेला जागा न ठेवता भोवरे दाखवायचे. दिसले तर विषय तुझा. नाही तर दिवाळीनंतर हे बंद करायचं आणि त्यांच्या इतर विद्यार्थ्यांसारखं फिल्मवर पहिल्यापासून सुरू करायचं. दोन वर्षं पाण्यात. फिल्मचं काम वाईट नव्हतं, पण ते माझं नव्हतं. मी तोंडानं बरं म्हणाले आणि बाहेर येऊन सायकल स्टँडच्या खांबाला लाथ मारली.

आता दोन गोष्टी हव्या होत्या, भरपूर द्रवरूप नत्र आणि मोठं चुंबक. दोन्ही आमच्याच मुलखात मिळाली याचा मला फार अभिमान आहे.

नत्र मामांकडे होतं. माझे मामा शिराळ्याच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते आणि गावोगाव फिरून गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचे. वळूचं बी गोठवून ठेवायला त्यांच्याकडे उणे दोनशेच्या जवळचं, अंगावर पडलं तर विस्तवासारखं भाजणारं नत्र भरलेली ॲल्युमिनियमची टाकी असायची. मोठमोठ्या संशोधन संस्थांत ज्यासाठी यंत्रं बसवतात, ते आमच्याकडं मोटरसायकलला बांधून बांधाबांधानं फिरत होतं. मी मामांना घरी जाऊन विचारलं. तेवढंच एक संकट होतं, की टाकीत बीही असणार आणि सणाच्या दिवशी दुसरं नत्र कुठून मिळणार नाही. मामांनी मोजायची पट्टी दाखवली, तिच्यावरची एक खूण दाखवली आणि म्हणाले, ‘पोरी, ह्या खुणंपर्यंत तुझं. खाली गेलं तर आतली समदी वासरं जन्माच्या आधीच मेली समज.’

चुंबक हळदीच्या गिरणीतलं. सांगलीत हळद दळण्याआधी हळकुंडांतून खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे काढावे लागतात, नाहीतर जातं फुटतं. त्यासाठी हळकुंडं जिच्यावरून जात्यात सरकतात त्या घसरणीखाली पोळपाटाएवढं चुंबक बसवलेलं असतं. वडिलांचे एक जुने स्नेही होते, मी त्यांना लहानपणापासून चाचा म्हणायचे. त्यांची गिरणी होती. एरवी ते चुंबक तासभरही निघालं नसतं, पण खंडेनवमीला गिरणी बंद. मी सकाळीच पोचले, तर गिरणीतल्या माणसांनी चुंबक काढून, रॉकेलनं धुऊन, लख्ख पुसून, बरोबर मधोमध कुंकवाचं बोट ओढून, फूल वाहून पाटावर ठेवलं होतं. मिस्त्री अडून बसला. पूजेचं हत्यार आज कामाला लावायचं नाही म्हणजे नाही. चाचा गादीवर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, ‘आरं, ते काम न्हवं गड्या. पोरगी शिकाय नेती हाय.’ शिकण्याला मिस्त्रीची हरकत नव्हती. त्यानं स्वतःच ते पोत्यात गुंडाळून रिक्षात ठेवलं आणि फूल पडू देऊ नका एवढं बजावलं.

प्रयोगशाळेत मामा टाकी घेऊन आधीच आले होते. सर आणि मामा समोरासमोर बसून चहा पीत होते, आणि सर मामांना खिल्लार बैलाबद्दल विचारत होते.  मी थर्माकोलचं भांडं केलं होतं. त्याच्या भिंतीतून बांबूची एक गोल काडी आडवी आत घातली होती आणि भोकाभोवती कापूस दाबला होता. काडीच्या टोकाला स्फटिक, त्याला चार तारा. बाहेरून काडी बोटांत फिरवली की आत स्फटिक फिरायचा, आडव्याचा उभा व्हायचा. माझं म्हणणं असं होतं: स्फटिक चुंबकावर सपाट आडवा ठेवला की चुंबकाचा प्रभाव त्याचे थर भेदून खालून वर जाईल, चकत्या तयार होतील, त्या सरकतील आणि काटा चढेल. स्फटिक उभा केला की प्रभाव थरांच्या फटीतून निघून जाईल, चकत्या होणारच नाहीत आणि काटा खाली येईल. लेपाला काय कळतं स्फटिक आडवा की उभा? करंट तोच, चुंबक तेच, जोड तेच. फक्त काडी फिरवायची. सर म्हणाले, हे असं दिसलं तर मी मानीन.

मी भांडं चुंबकावर ठेवलं. बरोबर मधोमध, कुंकवाच्या बोटावर. दुसरीकडं ठेवायचं माझ्या मनातही आलं नाही. शुभकार्य म्हटल्यावर माणूस ते मधेच ठेवतो. मामांनी टाकी वाकडी करून नत्र ओतलं. पांढऱ्या वाफा टेबलावरून खाली लोळल्या, भांडं खदखदलं आणि मग शांत झालं. मी करंट सुरू केला. स्फटिक आडवा होता. काटा शून्यावर होता.

थांबले. करंट वाढवला. काटा शून्यावरच. बाहेर रस्त्यानं कुणी ऊस लावलेली सजवलेली बैलगाडी नेत होतं, तिच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि आत आमच्याकडं इतकी स्वच्छ लाइन होती की काट्याला हलायला निमित्तसुद्धा नव्हतं. इतकं उत्तम शून्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि मला ते नको होतं.

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘या वेळी जोड चांगले लागलेत. म्हणून भोवरे गेले.’

ते चिडवत नव्हते, हे जास्त लागलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, की फिल्मच्या कामात साताऱ्याच्या भट्टीचा उपयोग होईल, तुझं सगळंच वाया जाणार नाही. मी ऐकत नव्हते. मला एवढंच कळत होतं, की भोवरे निदान थोडे तरी दिसायला हवे होते. स्पीकरच्या टीचभर चुंबकानं काटा हलतो आणि गिरणीच्या धोंड्यानं हलत नाही? रागाच्या भरात मी काडी गर्रकन फिरवली. आणि काटा चढला.

आम्ही तिघांनीही पाहिलं. मी काडी परत फिरवली, काटा उतरला. पुन्हा फिरवली, पुन्हा चढला. पण सगळं उलटं चाललं होतं. मी म्हटलं होतं आडवा तर चढेल आणि उभा तर उतरेल. इथं उभा असताना चढत होता. सर म्हणाले, तार ओढली जात असेल. फिरवलं की जोडाला ताण बसतो, म्हणून काटा चढतो. त्यांचं बोलणं चूक नव्हतं. उलटं उत्तर आलं की शहाण्या माणसानं आधी जोडावर संशय घ्यावा. मामांनी पट्टी टाकीत घालून बाहेर काढली आणि खुणेच्या वर किती राहिलंय ते बोटानं दाखवलं. फार नव्हतं.

मला चुंबकाचाच राग आला. वाटलं, धुऊन पुसून ह्याचा जोर गेला की काय. मी भांडं उचलून मामांच्या हातात दिलं, फळ्यावरच्या सूचनेच्या सगळ्या टाचण्या उपटल्या, कागद खाली पडू दिले आणि टाचण्या चुंबकावर सोडल्या. जोर कुठं गेला नव्हता. टाचण्या खटाखट बसल्या. पण कशा बसल्या! डाव्या बाजूच्या ताठ उभ्या राहिल्या. उजव्या बाजूच्याही ताठ उभ्या. आणि मधल्या, कुंकवाच्या बोटावरच्या, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं तोंड करून सपाट आडव्या पडल्या.

मी ओरडलेच असेन, कारण शिपाई दारात आला. गिरणीचं चुंबक आमच्या पुस्तकातल्या चित्रासारखं नव्हतंच. त्याचा उत्तर ध्रुव वर आणि दक्षिण ध्रुव खाली नव्हता. दोन्ही ध्रुव वरच्याच अंगाला, शेजारी शेजारी होते, खिळे पकडायला तेच बरं पडतं. त्यामुळे मधोमध चुंबकाचा प्रभाव खालून वर जातच नव्हता, तो एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडं आडवा वाहत होता. आडव्या स्फटिकाच्या थरांमधून तो नुसता निघून जात होता, म्हणून शून्य. स्फटिक उभा केला की मग तो थर भेदायचा. उलटी मीच झाले होते, भोवरे सरळच होते. रोजची लोखंडाची भुकटी त्या चुंबकावर असती तर ती टाचण्यांसारखीच उभी-आडवी दिसली असती आणि मला पहिल्या नजरेत कळलं असतं. पण पूजेसाठी ते लख्ख धुतलं होतं, आणि मी पूजेच्या बोटावरच भांडं ठेवलं होतं.

मी सरांना म्हटलं, आता मी आधी सांगते आणि मग करते. भांडं मधून उचलून डाव्या बाजूला, उभ्या टाचण्या होत्या तिथं ठेवते. तिथं स्फटिक आडवा असताना काटा चढला पाहिजे आणि उभा केल्यावर उतरला पाहिजे. मघाच्या बरोबर उलट. तार ओढली जात असेल तर ती दोन्हीकडं सारखीच ओढली जाईल. तसं दिसलं तर मी उद्यापासून फिल्म बनवीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.

सर उभे राहिले. म्हणाले, ‘काडी मी फिरवतो.’

टाचण्या खरवडून काढल्या. मामांनी उरलेलं नत्र ओतलं, खूण टेकेपर्यंत, एक थेंबही खाली नाही. मी भांडं डाव्या अंगाला सरकवलं आणि मीटरसमोर बसले. सरांचा हात काडीवर होता. स्फटिक आडवा होता आणि काटा चढलेला होता. त्यांनी काडी सावकाश फिरवायला सुरुवात केली, घड्याळाला किल्ली देताना फिरवावी तशी, आणि काटा त्यांच्या बोटांबरोबर खाली, खाली, खाली येत शून्याला टेकला. त्यांनी काडी उलटी फिरवली, काटा वर गेला. त्यांनी करंटची दिशा बदलली आणि पुन्हा केलं. मला भांडं अलगद उचलून चुंबकापासून लांब धरायला लावलं; काटा शून्यावर. परत चुंबकावर ठेवलं; काटा वर. भांडं मधोमध आणलं आणि सगळं पुन्हा उलटं झालं. एवढा वयस्क माणूस, पण ते काडी सोडायला तयार नव्हते. मी दोनदा विचारलं, सर, मी फिरवू का? त्यांना ऐकूच गेलं नाही. डोळ्यांसमोर माझ्या चकत्या थराथरांतून धावत होत्या, थांबत होत्या, पुन्हा धावत होत्या, आणि जिथून धावत होत्या तो तुकडा माझ्या नखाहून लहान होता. मला हसू आवरत नव्हतं.

नत्र संपत आलं. शेवटची वाफ विरली, स्फटिक गरम व्हायला लागला आणि काटा सरसर चढत पट्टीच्या पार बाहेर गेला. मी मीटर बंद केलं.  सरांनी लेपाचं नाव काढलं नाही, शाबास म्हणाले नाहीत, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते हात पुसत मामांकडं गेले. मामा टाकीचं झाकण लावत होते.

‘तुमची नत्राची गाडी पुन्हा कधी येते?’ सरांनी विचारलं.

मामा म्हणाले, ‘मंगळवारी येती की.’

‘मग दर मंगळवारी हिच्यासाठी थोडं जास्त मागवाल का? हिला ते अजून बरीच वर्षं लागेल.’

मी तिथंच स्टुलावर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. मामा टाकी टाकून धावत आले, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघू लागले आणि घाबरून विचारू लागले, नत्र कुठं सांडलं, कुठं भाजलं ते सांग.